भेगांतला कोळसा

पंचशीलाताई भगत मला पहिल्यांदा भेटली ती यवतमाळ-दिग्रस एसटीत, आणि तिच्या आधी भेटली ती तिची मुळी. मी खिडकीशी डोळे मिटून बसले होते. दारव्हा सोडलं आणि माझ्या मांडीवर टपकन चिखल पडला. वर पाहिलं तर सामानाच्या जाळीवर या बाकापासून त्या बाकापर्यंत झिपऱ्या सुटलेलं काहीतरी लांबच लांब पसरलं होतं, आणि खाली एक ठेंगणी, सावळी बाई दांड्याला लोंबकळत एका हाताने ते सावरत होती. कंडक्टर तिच्याशी हुज्जत घालत होता. "बाई, हे झाड हाये का जनावर? याचं हाफ तिकीट लागते."

"घ्या ना मंग," बाई म्हणाली, "पन याले बसाले जागा द्या."

सगळी एसटी हसली. मी हसले नाही, कारण साडी माझी होती. मी काही बोलायच्या आत ती खाली वाकून म्हणाली, "सुकू द्या, मंग झटका. ओल्यानं चोयसान तर पसरन." ती गवताची मुळी होती. एका ठोंबाची. तिने ती नाल्याच्या कडेला माती धुऊन धुऊन, तुटू न देता मोकळी केली होती, आणि कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात दाखवून परत आणत होती. मेळाव्यात तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही, असं तिने मला उतरेपर्यंत सांगितलं. "लोकं वरचं पाह्यतात. किती फूट वाढलं, किती टन झालं. खाली पाहाले मान वाकवा लागते ना."

दुसऱ्या दिवशी आमच्या कृषी विद्यालयात नवीन मृदाशास्त्राच्या मॅडम रुजू झाल्या म्हणून शिपाई मला बोलवायला आला, तेव्हा प्रयोगशाळेत छतापासून ती मुळी लटकलेली होती आणि तिचं उरलेलं टोक फरशीवर वेटोळं घालून पडलं होतं. मी शिकवते कृषी अर्थशास्त्र. मला मातीतलं काही कळत नाही आणि त्या दिवसापर्यंत कळून घ्यावं असं वाटलंही नव्हतं. पंचशीलाताईला माझ्या विषयाबद्दल तेवढाच आदर होता. "तुह्या अर्थशास्त्रात मातीचं नाव कवा येते वं मंदा? इकाची वेळ आली का येते," असं ती म्हणे. वर्गात ती पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायची, वर्गाबाहेर पाऊल पडलं की वऱ्हाडी. रागावली की वर्गातही वऱ्हाडी. त्यामुळे मॅडम आज कोणत्या भाषेत आहेत हे पाहूनच पोट्टे मागच्या बाकावरून पुढे सरकायचे.

गवताची गोष्ट सांगितल्याशिवाय ती बाई कळायची नाही. त्या वर्षांत आमच्याकडे गॅसच्या गवताची हवा होती. हत्तीगवतासारखं उंच संकरित गवत, एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापत राहायचं, कापलेलं कारखान्यात सडवून त्याचा गॅस करायचा, त्यावर गाड्या चालवायच्या. यवतमाळच्या बाजूला कारखाना निघणार होता. पाटी लागली होती, भूमिपूजन झालं होतं, पेढे मीही खाल्ले. सगळ्यांचं लक्ष गॅसवर होतं. पंचशीलाताईचं लक्ष मुळीवर होतं. शेतकऱ्यांच्या बैठकीत ती समजावून सांगायची, "पाहा, कपाशी दरवर्षी पेरता, दरवर्षी उपटता, दरवर्षी नांगर. माती उघडी पडते, हवा लागते, तिच्यातला कर्ब सडून हवेत जाते. हे गवत तसं नाई. याले नांगर नाई. याच्या मुया माणसाच्या उंचीहून खाली जातात. काही मरतात, नव्या येतात. मेलेली मुई खालीच राह्यते, तिचा कर्ब खालीच मुरते. हवेतला कर्ब पानातून ओढून जमिनीत गाडून ठेवाचं काम हाये हे. गॅस झाला तर झाला, माती तर सुधरन."

कर्ब, म्हणजे कार्बन, हा शब्द ती असा उच्चारायची की जणू घरातलं कुणी आजारी आहे. त्याचं कारण मला पुढे तिच्या गावी गेल्यावर कळलं. तिच्या वडिलांना मोठ्या भांडणानंतर, मोर्चे-धरणी करून, गायरानातली जमीन मिळाली होती. त्यांच्या घराण्यातली पहिली जमीन. बाबासाहेबांचा फोटो बैठकीत आणि जमिनीच्या पट्ट्याचा कागद त्याच फ्रेमच्या मागे, असं ते घर. वडिलांनी ती जमीन जिवाचं रान करून नांगरली. उताराची, गवताळ जमीन. दर उन्हाळ्यात नांगर, मग वखर, पुन्हा वखर. चार लोकांनी म्हणावं की भगताचं वावर कसं लोण्यासारखं आहे, ही एकच हौस त्यांना. पंचशीलाताई लहान होती तेव्हा त्या वावराची माती काळी होती. ती कॉलेजात गेली तेव्हा करडी झाली होती, आणि नोकरीला लागेपर्यंत खालचा मुरूम वर आला होता. "माह्या बापानं जमीन उडवली मंदा," ती त्या मुरमावर उभी राहून मला म्हणाली. "दारूत नाई, जुगारात नाई. कष्टानं उडवली. अन् मरेपर्यंत म्हने का पोरी, म्या कवा आळस केला नाई."

हे सांगताना ती रडली नाही. मी रडले, मग तिने मला पाणी दिलं.

कारखाना काही निघाला नाही. पाटी उन्हाने फिकी पडली आणि मग एक दिवस पाटीही गेली. ज्यांनी गवत लावलं होतं त्यांनी दोन-तीन हंगाम वाट पाहिली, थोडं ढोरांना घातलं, आणि मग उपटायला सुरुवात केली. पंचशीलाताई स्कूटीवरून त्यांच्या मागे गावोगाव. "उपटू नका. कापा, ढोरायले घाला, इका, जाळा पाह्यजे तं. पन मुया राहू द्या." लोक ऐकून घ्यायचे. आमच्या विद्यालयाच्या जमिनीला लागून तांड्यातल्या बळीराम राठोडचं वावर आहे, त्यानेही गवत लावलं होतं. तो तर तिचा लाडका. तिला याडी म्हणायचा, म्हणजे त्यांच्या बोलीत आई, आणि होता तिच्याहून वयाने मोठा. त्यानेही उपटलं. "याडी, मुया खाऊन पोट भरते का?" एवढंच त्याने विचारलं. त्याने पुन्हा कपाशी लावली.

शेवटी गवत उरलं ते फक्त आमच्या विद्यालयाच्या नाल्याकाठच्या पट्ट्यात. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब हे काही वाईट गृहस्थ नाहीत. मी त्यांच्यावर कितीही चिडत असले तरी हे सांगायला हवं. त्यांनी तो पट्टा वर्षामागून वर्षं तिला सोडून दिला होता. पाहुणे आले की ते स्वतःच त्यांना तिकडे नेत आणि "आमच्या मॅडमचं गवत" म्हणून दाखवत. पंचशीलाताई त्या गवताला मुलासारखं वगैरे जपत नव्हती. ती तशी बाईच नव्हती. ती त्याला कापायची, तिथे पोट्टे आणून शिव्या घालत काम करून घ्यायची, आणि कुणी त्यात वखर घालू म्हटलं की अंगावर जायची. "दहा वर्षांत जे जमलं ते एका नांगरानं जाते. मुरायले वेळ लागते, उडायले नाई."

मग बापूसाहेबांना तो पट्टा सोयाबीनच्या बियाण्यासाठी हवासा झाला. संस्थेला उत्पन्न हवं होतं, विद्यार्थी कमी होत चालले होते. माझा विषय असल्यामुळे मला त्यांचं म्हणणं कळतही होतं. पंचशीलाताईने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणता गवताने मातीत कर्ब साठला. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आणा. फरक दिसला तर पट्टा तुमचा, मी कुणाला हात लावू देणार नाही. नाही दिसला तर उन्हाळ्यात नांगर." शब्द सरळ होता. ती आनंदाने तरंगत माझ्याकडे आली. तिला वाटलं, आपण जिंकलोच.

अडचण एकच होती. गवत लावण्याआधी खालची माती कशी होती हे कुणी तपासलेलंच नव्हतं. माती परीक्षण म्हणजे वीतभर खोल खड्डा करून वरची माती पुडीत भरायची, ही आपल्याकडची रीत, आणि पहिल्या वर्षी तिनेही तेवढंच केलं होतं. त्यामुळे आता खोलवरचा फरक दाखवायचा तर शेजारच्या वावराशीच तुलना करावी लागणार होती. तिने बळीरामचं वावर निवडलं. मधे फक्त धुरा, म्हणजे बांध. माती एक, उतार एक, पाऊस एक, इकडे गवत आणि तिकडे कपाशी. धुऱ्यापासून जेवढं जवळ तेवढी तुलना चोख, म्हणून तिने नाल्याच्या अंगालाच, गवताच्या अगदी समोर, खड्डे घेतले. दोन्हीकडचे नमुने स्वतःच्या हाताने पिशव्यांत भरले, स्वतः नेऊन दिले, आणि वाट पाहत बसली. त्या दिवसांत ती इतकी खुशीत होती की तिने मला सहकारी बँकेच्या कोपऱ्यावर तर्री-पोहे खाऊ घातले, दोनदा.

अहवाल आला आणि फरक नव्हता. वरच्या थरात गवताकडे थोडा जास्त कर्ब होता, पण खाली, जिथे तिच्या मुळ्या होत्या, तिथे बळीरामच्या कपाशीच्या वावरात गवताइतकाच होता. एका थरात तर कणभर जास्तच. मी तो कागद तिच्या हातात दिला तेव्हा ती प्रयोगशाळेत स्टुलावर बसली होती. तिने वाचला, पालथा करून मागे काही आहे का ते पाहिलं, पुन्हा वाचला. मग एकदम उठली. "चल," म्हणाली. भर दुपार, एप्रिलचं ऊन, आणि आम्ही दोघी डोक्यावर ओढण्या बांधून बळीरामच्या वावरात.

खड्डा अजून उघडाच होता. ती आत उतरली आणि सुरीने भिंत खरवडायला लागली. काळी माती उन्हाळ्यात फाटते हे मलाही माहीत होतं. हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आमच्याकडे लहान मूल वावरात मोकळं सोडत नाहीत. त्या खड्ड्याच्या भिंतीतही तशी एक जुनी, बुजलेली भेग वरून खाली गेलेली दिसत होती. आणि तिच्यात काळे ठिपके होते. मातीही काळीच, म्हणून मला दिसेनात. तिने नखाने एक ठिपका काढला, तळहातावर चुरडला, बोटाला काजळासारखी रेघ उमटली. कोळसा होता. आणखी खाली, आणखी एक. तिच्या कोपरापेक्षाही खोल, कोळसाच कोळसा.

बळीराम धुऱ्यावर येऊन उभा होता. "राठोड," ती खालूनच म्हणाली, "कापूस येचल्यावर पऱ्हाटी कोठी जाळता तुमी?"

"अठीसाच जाळतो ना. नाल्याकडं. तिकडं कोनाचं घर नाई, गंजी नाई."

"कवापासून?"

"तुमीच तं सांगतलं होतं, याडी," तो म्हणाला. "बोंडअळी आलती तवा. भोंगा घेऊन आल्त्या तांड्यात. पऱ्हाटी उभी ठेवू नका, धुऱ्यावर रचू नका, उपटा अन् जाळा म्हने. तवापासून दरसाल अठीच जाळून राह्यलो. तुमचा शब्द मोडला नाई."

हे खरं होतं. मी स्वतः त्या स्कूटीच्या मागे बसून गेले होते. गुलाबी बोंडअळीने सगळा भाग नासवला त्या साली पंचशीलाताई कर्णा घेऊन गावोगाव हिंडली होती आणि लोकांनी कधी नव्हे ते तिचं ऐकलं होतं. मुळ्या ठेवा म्हटलं ते कुणी ऐकलं नाही. पऱ्हाटी जाळा म्हटलं ते सगळ्यांनी ऐकलं. दर उन्हाळ्यात बळीराम नाल्याकाठी ढीग पेटवायचा, खाली भेगा आ वासून, आणि राख-कोळसा आत. पहिल्या पावसात उरलासुरलाही वाहून आत. मग भेगा मिटायच्या. कोळसाही कर्बच. प्रयोगशाळेला तो मुळीचा की जळलेल्या पऱ्हाटीचा हे काय कळणार? प्रयोगशाळेने कर्ब मोजला. होता तेवढा सांगितला.

ती त्या खड्ड्यात खाली बसली. मी घाबरले, मला वाटलं ऊन लागलं. ती म्हणाली, "मंदा, माहाच शब्द मले खाऊन गेला." बळीरामला काही समजेना. तो बिचारा पुन्हा पुन्हा विचारत होता, "मंग जाळाले नोको होतं का, याडी?" आणि ती मान हलवून म्हणत होती, "जाळाले पाह्यजे होतं. तुमी बरोबर केलं. तुमी काहीच चुकले नाई." इतकी हताश झालेली ती मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतर पुष्कळदा पाहिली.

बापूसाहेबांना तिने सगळं समजावलं. कोळशाची पुडी टेबलावर ओतली. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, खड्डा तुम्ही ठरवला, नमुने तुम्ही काढले. उद्या दुसरा अहवालही मनासारखा आला नाही तर तुम्ही आणखी काही दाखवाल." ती म्हणाली, दुसऱ्या टोकाकडून नमुने घेते, जिथे कधी जाळलं नाही, एक पावसाळा थांबा. ते म्हणाले, "पेरणीच्या आधी अहवाल आला तर पाहू." माझ्या डोळ्यांदेखत ती त्या खुर्चीत लहान होत गेली.

तो मे महिना मला आठवूच नये असं वाटतं. बळीरामच्या वावराच्या वरच्या टोकाला तिने नवे खड्डे घेतले. माणसं सकाळी लवकर येऊन उन्हाच्या आत काम सोडून जात, ती थांबायची. शिवाय जुन्या नमुन्यांची उरलेली मातीही तिने सोडली नाही. प्रयोगशाळेत फरशीवर पेपर अंथरून आम्ही दोघी चिमट्याने मातीतून कोळसा वेचत बसायचो, तांदळातले खडे वेचावेत तसा. तिचे पाय सुजलेले असायचे. मी विचारलं की म्हणायची, "बसून बसून." तिची किडनी तेव्हाच गेली होती आणि तिला ते माहीत होतं, हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी चिडून म्हटलं, "ताई, एवढ्याशा पट्ट्याने जगाची हवा सुधारणार आहे का? कशाला जीव देतेस?" तिने चिमटा खाली ठेवला नाही. "जगाचं म्या कवा म्हन्लं? मले फक्त एका ठिकानी पाहाचं हाये का गेलेलं वापस येते. एका ठिकानी. माह्या बापाच्या वावरातलं तं येत नाई आता."

प्रयोगशाळेने सांगितलं, नमुन्यांची रांग आहे, दिवाळीच्या सुमारास होईल. तिने फोन केले, जाऊन आली, ओळखी काढल्या. कुणाचा दोष नव्हता, सगळ्यांचेच नमुने रांगेत होते. रोहिण्या संपत आल्या आणि बापूसाहेबांचा जेसीबी आला.

ती आडवी वगैरे झाली नाही. मला तीच धास्ती होती, म्हणून मी तिच्या दंडाला धरून उभी होते. जेसीबीने ठोंबं उपटून ढीग घातला. मग पल्टी नांगर लागला आणि खालची माती वर, वरची खाली. मुळ्या तुटल्याचा आवाज ट्रॅक्टरच्या आवाजातूनही येत होता. आत माती ओलसर, भुसभुशीत निघत होती, आणि मला मूर्खाला ती पाहून वाटलं, किती सुंदर आहे. मी तसं बोलूनही गेले. ती म्हणाली, "हो. आजच्या पुरती." मग ती नांगराने पाडलेल्या तासाच्या कडेने चालत गेली, वाकून तुटलेल्या मुळ्या आत ढकलून पायाने माती ओढत गेली. मागून नांगर दुसरा तास घेऊन यायचा आणि त्या पुन्हा उघड्या पडायच्या. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायचा. ती बाजूला व्हायची, आणि तो गेला की पुन्हा वाकायची. शेवटी बळीराम धुरा ओलांडून आला, तिचा हात धरून तिला सावलीत घेऊन गेला.

अहवाल खरोखरच दिवाळीत आला. आणि फरक होता. कोळसा नसलेल्या ठिकाणच्या कपाशीच्या मातीपेक्षा गवताच्या मातीत कर्ब जास्त होता. फार नाही, पण खालपर्यंत, तिने सांगितला होता तिथपर्यंत. मी आनंदाने ओरडले. ती म्हणाली, "बरोबर आलं. पन हे ज्या मातीचं हाये ते वावर आता कोठी हाये?" पट्ट्यात सोयाबीन निघून हरभरा उगवला होता. बापूसाहेबांनी मात्र तिचं मनापासून अभिनंदन केलं आणि संस्थेच्या माहितीपत्रकात तो अहवाल छापला, शेजारी गवताचा जुना रंगीत फोटो.

माणसाने इथे हात टेकले असते. मी टेकलेच होते. पंचशीलाताईने अर्ज केला की त्या पट्ट्यात दर उन्हाळ्यात मला खड्डा घेऊ द्यावा. बापूसाहेब म्हणाले, "आता काय मोजणार?" ती म्हणाली, "जाऊन राह्यलं ते." त्यांनी लगेच परवानगी दिली, त्यात त्यांचं काही जात नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तिने मोजलं. वरचा थर कपाशीच्या मातीसारखा झाला होता, वर्षानुवर्षांचं एका वर्षात गेलं. नांगराच्या फाळाखालचं मात्र अजून होतं. त्या रात्री तिने मला फोन करून एवढंच सांगितलं, "खाली हाये मंदा. तठी हवा पोचली नाई." आवाज असा की जणू खाणीत अडकलेल्या माणसाने खालून ठोकलं आणि वर हिलाच ते ऐकू आलं. "पन भेगा पडतात ना वं," ती पुढे म्हणाली. "आता गवत नाई, उन्हायात फाटन. भेगेतून हवा जाईन खाली."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती खड्डा घेऊ शकली नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यवतमाळला जायची, त्याच एसटीने, आणि परत येताना खिडकीतून वावरं पाहत बसायची. पावसाळा लागला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी गेले तेव्हा तिची धाकटी बहीण कुसुम उशाशी होती. पंचशीलाताईचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपली आहे, पण तिने विचारलं, "त्या पट्ट्यात खाली किती राह्यलं असन?"

कुसुम साधी बाई, बहिणीला बरं वाटावं म्हणून पटकन म्हणाली, "हाये ना ताई, सारं हाये. कोठी जाते?"

पंचशीलाताईने डोळे उघडले आणि तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "खांदून पाह्यलं का कोनी?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग हाये म्हनू नका," ती म्हणाली. "माहीत नाई म्हना." कुसुमने तोंडाला पदर लावला. पंचशीलाताई तिला पुन्हा म्हणाली, "म्हन ना वं. माहीत नाई म्हन." मरायला टेकलेल्या बहिणीला कुसुमने रडत रडत सांगितलं, माहीत नाई ताई. मग ती शांत झाली. त्याच आठवड्यात ती गेली.

विद्यालयात शोकसभा झाली. त्रिसरण-पंचशील झालं, तिच्या हाताखाली शिकलेले पोट्टे मोठमोठे होऊन आले होते, बळीराम दाराशी चपला हातात घेऊन उभा होता. बापूसाहेब बोलले आणि चांगलं बोलले. शेवटी ते म्हणाले, "मॅडम गेल्या, पण त्यांनी या मातीत जे साठवलं ते मातीत कायम राहील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले. मी म्हटलं, "कुणी खणून पाहिलं आहे का?" शेजारच्या सरांनी मला खाली ओढलं आणि कुणीतरी पाणी आणायला धावलं. त्यांना वाटलं, मैत्रिणीच्या दुःखाने बाईचं डोकं फिरलं.

नंतर मी रीतसर परवानगी मागितली. बापूसाहेब म्हणाले, आता सोयाबीन उभं आहे, निघू द्या. सोयाबीन निघालं तर हरभरा पेरला. हरभरा निघाला आणि उन्हाळ्यात माणसं घेऊन मी गेले, तर पट्ट्यात माझा हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा. खड्डा खणून घेतला. आत उतरले. भिंतीसमोर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की कुठून माती घ्यायची, काय टाळायचं, काय वेचून काढायचं, यातलं मला एकटीला काहीच येत नाही. तिने मला चिमटा धरायला शिकवला होता, पाहायला नाही. तेवढा वेळ मिळाला नाही. वर माणसं विचारत होती, बाई, अजून खोल करायचा का? मी त्या खड्ड्यात उभी राहून हमसून हमसून रडले, आणि मग वर येऊन तो बुजवायला सांगितला.

लोक अजून विचारतात, मॅडमच्या गवताने मातीत खरंच काही उरलं का हो? माझ्या तोंडावर हो येतं. मी म्हणते, माहीत नाही.